अनंत किती लांब धरायचं? चुंबकी नॅनोफ्लुइड आणि पोहणाऱ्या जीवांचं गणित, पायरीपायरीने

०.२०४६. हा आकडा माझ्या एका जुन्या वहीत लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेला आहे. गरम भिंतीलगत वाहणाऱ्या नॅनोफ्लुइडमध्ये (अतिबारीक कण मिसळलेल्या द्रवात) सूक्ष्मजीवांची घनता भिंतीपाशी किती झपाट्याने उतरते, त्याचं ते उत्तर. पायथॉनने 'यशस्वी' म्हणून सांगितलं, आलेख गुळगुळीत आला, मी खूश. खरं उत्तर ०.०९१३ होतं. दुपटीहून मोठी चूक, आणि प्रोग्रामची एकही ओळ चुकलेली नव्हती. ती चूक कुठे लपली होती ते ओघात येईलच.

माझ्याकडे दरवर्षी एखाद-दुसरा विद्यार्थी हा विषय घेऊन येतो: चुंबकी नॅनोफ्लुइड, त्यात पोहणारे जीव, आणि उष्णतेचं वहन. विषय भारदस्त वाटतो, पण गणित एका रविवारात जमण्यासारखं आहे. वेळ जातो तो आलेलं उत्तर खरं की खोटं हे ठरवण्यात. म्हणून हा लेखही तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

आधी बशीत काय घडतं ते बघा

गोव्यात रायबंदरकडे किंवा पेडण्यात आगरवाड्याला जाताना रस्त्यालगत मिठाची आगरं दिसतात. अशा अतिखारट पाण्यात तग धरणारं एक एकपेशीय शेवाळ म्हणजे ड्युनालिएला. साधारण १० मायक्रोमीटरचा जीव, दोन शेपट्या, पेशीला कडक भिंत नाही. क्लॅमिडोमोनस हा त्याचा गोड्या पाण्यातला भाऊबंद. हे जीव पाण्यापेक्षा किंचित जड असतात, तरी वरच्या दिशेने पोहतात. वर गर्दी झाली की तो थर जड होतो आणि बोटांसारख्या धारांनी खाली कोसळतो. खालून जीव पुन्हा वर येतात. यालाच बायोकन्व्हेक्शन म्हणतात. हे नाव १९६१ साली जॉन प्लॅट यांनी दिलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाट हिरवं कल्चर असेल तर ते उथळ बशीत तीन-चार मिलिमीटर ओता, ढवळा आणि खाली पांढरा कागद ठेवून बघा. एखाद-दोन मिनिटांत हिरव्या ठिपक्यांची जाळी उमटते. समीकरणाला हात लावण्याआधी हे दृश्य एकदा डोळ्यांखालून जायला हवं, असा माझा आग्रह असतो. नाहीतर पुढे समीकरणात जीवांच्या घनतेसाठी येणारा 'ज' म्हणजे नुसतं एक अक्षर उरतं.

नॅनोकण म्हणजे इथे मॅग्नेटाईटचे दहाएक नॅनोमीटरचे कण. आपल्या डिचोली-सांग्याच्या खाणीतलं खनिज मुख्यतः हेमेटाईट. त्याला लोहचुंबक फारसं ओढत नाही. मॅग्नेटाईट मात्र ओढलं जातं. नॅनोफ्लुइड हा शब्द १९९५ मध्ये अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेत स्टीफन चोई यांनी रूढ केला. चुंबकी द्रव त्याहून जुना आहे: नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी तो १९६३ मध्ये केला होता.

पहिली पायरी: समीकरणाआधी आकडे

बहुतेक जण आधी समीकरणं उतरवतात आणि मग 'बाकीच्या संशोधन-पेपरांत ०.१ ते ०.५ घेतात' म्हणून तेच अंक घेतात. मी उलट करायला सांगतो. कोरा कागद घ्या आणि ३० अंश सेल्सिअसचं पाणी धरा, म्हणजे आपल्याकडची साधी दुपार.

पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (घनतेने भागलेला चिकटपणा) ०.८ × १०⁻⁶ चौरस मीटर प्रति सेकंद, प्रांटल अंक (ती उष्णतेच्या पसरणीच्या किती पट ते) सुमारे ५.४. आता १० नॅनोमीटरचा कण ब्राउनियन हालचालीने, म्हणजे रेणूंच्या धक्क्यांनी, किती पसरतो? स्टोक्स-आइन्स्टाइनच्या सूत्रात आकडे घातले की ५.६ × १०⁻¹¹ येतं. पहिल्या आकड्याला याने भागा: सुमारे १४ हजार. खाली दिलेल्या मांडणीत हाच कणांचा लुईस अंक. पेपरांत तो बहुधा १ ते १० असतो.

जीवांचं बघू. सेकंदाला ६० मायक्रोमीटर वेग आणि पाचेक सेकंद एकच दिशा टिकते असं धरलं, तर वेगाचा वर्ग गुणिले वेळ या ढोबळ हिशोबाने पसरण १.८ × १०⁻⁸ येते. म्हणजे जैव-लुईस अंक ४४ च्या घरात.

ब्राउनियन अंकात (कणांच्या त्या हालचालीचा उष्णतेवर किती परिणाम ते सांगणारा अंक) कणांची उष्णताधारकता, त्यांचं प्रमाण आणि पसरण येते. एक टक्का मॅग्नेटाईट घेतलं तर तो ६ × १०⁻⁷ च्या आसपास निघतो. पेपरांतलं ०.५ आणि हे यांत जवळजवळ दहा लाख पटींची तफावत! म्हणजे त्या अंकामुळे तापमानाच्या आलेखात दिसणारे ठळक फरक खऱ्या पाण्यात दिसणारच नाहीत. एक टक्का कणांचा खरा परिणाम साधा आहे: मॅक्सवेलच्या जुन्या सूत्राने उष्णतावहन क्षमता दोन-तीन टक्के वाढते, इतकंच.

मग पेपर टाकून द्यायचे का? नाही. समीकरण कसं वागतं ते शिकायला ०.१ चालतं. पण प्रबंधात दोन स्तंभ ठेवा: 'सरावाचे अंक' आणि 'माझ्या पाण्याचे अंक'. परीक्षकाने विचारण्याआधी तुम्हीच विचारलेलं बरं.

दुसरी पायरी: 'चुंबकी' म्हणजे नेमकं काय?

इथे दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातात. एक, वीज वाहून नेणारा द्रव चुंबकक्षेत्रातून वाहिला की त्याला अडवणारं लॉरेन्ट्झ बल. दोन, मॅग्नेटाईटचा कण स्वतःच चुंबक होऊन तीव्र क्षेत्राकडे ओढला जातो ते केल्व्हिन बल. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर हे बल नसतंच. पेपरांत नाव बहुधा दुसऱ्याचं असतं आणि गणित पहिल्याचं. आपणही पहिलंच घेऊ, कारण ते सोपं आहे. फक्त प्रस्तावनेत तसं कबूल करा.

पहिल्याचा चुंबकी अंक = वीजवाहकता × क्षेत्राचा वर्ग ÷ (घनता × ताण-दर). भिंत म्हणजे ताणला जाणारा पत्रा. ताण-दर म्हणजे तो सेकंदाला किती पटीने ताणला जातो ते. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५ सीमेन्स प्रति मीटर. ताण-दर सेकंदाला १ असेल तर चुंबकी अंक १ व्हायला क्षेत्र लागतं १४ टेस्ला. इस्पितळातलं एमआरआय यंत्र बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. हा हिशोब लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

तिसरी पायरी: चार समीकरणं

ग्रीक अक्षरं मोबाईलवर दगा देतात, म्हणून देवनागरीत लिहितो. फ म्हणजे प्रवाह, त तापमान, क कणांचं प्रमाण, ज जीवांची घनता. सगळे भिंतीपासूनच्या अंतरावर अवलंबून. डोक्यावरची रेघ म्हणजे डेरिव्हेटिव्ह.

फ‴ + फ·फ″ − (फ′)² − चु·फ′ = ०

त″ + प्रा·(फ·त′ + ब्रा·त′·क′ + थ·(त′)²) = ०

क″ + लु·फ·क′ + (थ ÷ ब्रा)·त″ = ०

ज″ + जै·फ·ज′ − पे·(ज′·क′ + (ज + सि)·क″) = ०

चु चुंबकी अंक, प्रा प्रांटल, ब्रा ब्राउनियन, थ थर्मोफोरेसिस (गरमाकडून गाराकडे कणांचं सरकणं), लु आणि जै दोन लुईस अंक, पे पोहण्याचा पेक्ले अंक (पसरणीच्या तुलनेत पोहण्याचा जोर), आणि सि म्हणजे दूरच्या पाण्यात मुळातच असलेल्या जीवांचा वाटा. ब्राउनियन आणि थर्मोफोरेसिस ही जोडी २००६ च्या बोन्जोर्नो यांच्या मांडणीतून आली. त्यांनी सात परिणाम तपासून हे दोनच महत्त्वाचे ठरवले.

भिंतीवर: फ = ०, फ′ = १, आणि त, क, ज तिन्ही १. अनंतावर: फ′, त, क, ज चारही शून्य. पाच आणि चार, एकूण नऊ अटी.

चौथ्या समीकरणाबद्दल माझी एक तक्रार आहे. ते नीट वाचा: जीव नॅनोकणांच्या दाटीकडे पोहतात, असं ते म्हणतं. का म्हणून? शेवाळाला मॅग्नेटाईटचं काय कौतुक? ही रचना मुळात ऑक्सिजनच्या दिशेने पोहणाऱ्या जिवाणूंसाठी शोभते. पेपरांत तिला सर्रास 'गुरुत्वाने दिशा घेणारे जीव' असं लेबल लावतात. भर म्हणून, वरच्या १४ हजारांच्या लुईस अंकाने कणांचा थर जेमतेम ९ मायक्रोमीटर जाडीचा निघतो (ताण-दर १ धरून), म्हणजे एका जीवाएवढाच. ज्या उतारावर पोहायचं तो स्वतःच्या अंगाएवढा! आणखी एक: भिंतीचं तापमान ७० अंश धरलंत तर गणिताला काही वाटणार नाही, जीव मात्र शिजतील.

उभ्या भिंतीसाठी पहिल्या समीकरणात उत्प्लावनाची पदं घालतात. एक सापळा सांगून पुढे जातो: भिंतीचं तापमान सगळीकडे सारखं असेल तर ते पद जागेनुसार बदलतं आणि वरची सोपी रूपं उरत नाहीत. पहिल्या फेरीत ते घालूच नका.

चौथी पायरी: संगणकाला सांगणं

पायथॉनच्या सायपायमधलं सॉल्व्ह-बीव्हीपी (दोन्ही टोकांच्या अटी घेऊन समीकरणं सोडवणारं फंक्शन) पुरेसं आहे. मॅटलॅब असेल तर बीव्हीपी-फोर-सी. दोन्हींची पद्धत एकाच घराण्यातली. लॅपटॉप जुना असला तरी चालतं, हिशोब सेकंदांचा आहे.

नऊ चलं करा: फ, फ′, फ″, त, त′, क, क′, ज, ज′. फंक्शनमध्ये क्रम पाळा. आधी त″ काढा, ते वापरून क″, आणि मग ज″. क्रम उलटला तर काही जण क″ पुन्हा वेगळ्या सूत्राने लिहितात आणि तिथे चिन्ह चुकतं. ब्राउनियन अंक थेट शून्य घालू नका, तो भाजकात आहे. शून्याचा खेळ करायचा तर थर्मोफोरेसिस शून्य करा आणि ब्राउनियन अगदी बारीक ठेवा.

सुरुवातीचा अंदाज सगळ्यांना एकच: अंतराबरोबर घातांकाने उतरणारा वक्र. जाळीचे बिंदू भिंतीजवळ दाट, दूर विरळ. टॉलरन्स (किती चूक चालेल ते) आपोआप ०.००१ असतो, तो १०⁻⁶ करा. बिंदूंची कमाल मर्यादा १००० असते, ती ५० हजार करा. आणि पॅरामीटर एकदम उडी मारून वाढवू नका: पेक्ले ०, मग ०.२, मग ०.५, प्रत्येक वेळी मागचं उत्तर पुढच्याचा अंदाज. नदीत उतरताना पाय चाचपत जातो तसं.

पाचवी पायरी: जिथे उत्तर हाताने काढता येतं तिथे गाठा

तुलनेसाठी लोक दुसऱ्या पेपरचं कोष्टक घेतात. त्याची गरज नाही, इथे कागदावरच चोख उत्तरं निघतात.

लॉरेन्स क्रेन यांनी १९७० मध्ये ताणल्या जाणाऱ्या पत्र्याचं उत्तर बंद सूत्रात दिलं. चुंबक धरलं तरी ते टिकतं: भिंतीवर फ″ बरोबर वजा √(१ + चु). चु = १ असेल तर −१.४१४२. हे चार दशांश जुळले नाहीत तर पुढे जाऊच नका.

मग तापमान. चुंबक शून्य, थर्मोफोरेसिस शून्य, ब्राउनियन अगदी बारीक, प्रांटल १. समीकरण दोनदा इंटिग्रेट करा; भिंतीवरचा उतार (चिन्ह उलटून) निघतो १ ÷ (ई − १), जिथे ई = २.७१८२८. म्हणजे ०.५८२०. प्रांटल २ ला भाजक होतो (ई² − ३) ÷ ४, उत्तर ०.९११४. आणि चु = १, प्रांटल २ ला √२ ÷ (ई − १), म्हणजे ०.८२३०. चुंबकाने प्रवाह अडवला आणि उष्णतावहन जवळपास दहा टक्क्यांनी घटलं. हे दोन आकडे एका ओळीत ठेवले की भौतिकशास्त्रही दिसतं.

जीवांसाठी वेगळी परीक्षा लागत नाही. पेक्ले शून्य केला की चौथं समीकरण दुसऱ्याचंच जुळं भावंड होतं. जै = १ ला ०.५८२०, जै = २ ला ०.९११४ यायलाच हवं.

पण पेक्ले असताना काय? तिथे जमाखर्च मांडा. चौथं समीकरण भिंतीपासून अनंतापर्यंत इंटिग्रेट केलं की हिशोब असा जुळतो:

जीवांचा भिंतीवरचा उतार = जै × (फ′·ज यांची बेरीज) + पे × (१ + सि) × कणांचा भिंतीवरचा उतार

(दोन्ही उतार चिन्ह उलटून घ्यायचे, बेरीज म्हणजे इंटिग्रल.) डावी-उजवी बाजू वेगवेगळी काढून बघा. एका विद्यार्थिनीची बेरीज सतत अडत होती. शेवटी सापडलं की कंसातला सि तिने बाहेर ठेवला होता. तिचा आलेख मात्र देखणा होता. चुकीचे आलेख देखणेच असतात.

सहावी पायरी: अनंत

आता माझं ०.२०४६. मी जैव-लुईस अंक ०.१ पर्यंत खाली आणला होता आणि अनंत म्हणून ६ घेतलं होतं, कारण 'सगळे ६ ते १० घेतात'. संगणकाला अनंत कळत नाही. तुम्ही ६ म्हणालात की तो ६ वर घनता शून्य करतो आणि तो प्रश्न तंतोतंत सोडवतो. म्हणून 'यशस्वी'. मी विचारला तो प्रश्नच दुसरा होता.

पेक्ले शून्याला हे हातानेही पडताळता येतं. दूरवर फ जवळजवळ १ असतो, त्यामुळे घनता ई च्या (−०.१ × अंतर) घाताने उतरते. सहावर ती कुठली संपायला! दोनदा इंटिग्रेट करताना भाजकात जी बेरीज येते, ती खऱ्या आकडेमोडीत पूर्ण धरली तर १०.९५ येते, सहापर्यंतची ४.८९. १ ला त्यांनी भागा: ०.०९१३ आणि ०.२०४६.

हे डोळ्यांनाही दिसतं, पण बघायचं असतं. खरा वक्र शून्याला लोळत जाऊन मिळतो. माझा वक्र सहावर तिरका येऊन आपटत होता: भिंतीवरचा उतार ०.२०५ आणि शेवटच्या बिंदूवर अजून ०.१२४. मी आलेखाची चौकट सहालाच कापली होती, त्यामुळे तो कोपरा नजरेतून सुटला.

नियम असा ठेवा. प्रांटल, लु, जै आणि (प्रवाहासाठी) १ यांतला सगळ्यात लहान अंक घ्या. अनंत म्हणजे १२ भागिले तो अंक, आणि चुंबक असेल तर वर √(१ + चु) ने गुणा. जै ०.१ असेल तर १२० लागतं. एकदम १२० टाकलं तर सॉल्व्हर रुसतो, म्हणून २०, ४०, ८० असं वाढवत न्या. शेवटी अनंत दीडपट करून बघा. चौथा दशांश हलला तर अजून पुरलेलं नाही.

उलट टोकालाही असाच धोका आहे. लुईस १४ हजार घेतला तर कणांचा थर ०.०१ इतका पातळ होतो, भिंतीजवळ ०.१ च्या पावलांची जाळी असेल तर अख्खा थर पहिल्या घरातच गडप. थर्मोफोरेसिस आणि चुंबक नसताना मोठ्या लुईससाठी उतार √(२ × लु ÷ ३.१४१६) च्या जवळ जातो, इथे ९४.४. तुमचं उत्तर त्याहून किंचित कमी यायला हवं. १४ किंवा २० आलं तर जाळी तपासा.

सातवी पायरी: आलेख आणि कोष्टक

यात फार सांगण्यासारखं नाही. एका वेळी एकच अंक बदला. कोष्टकाशेजारी अनंत, टॉलरन्स आणि बिंदूंची संख्या लिहा. लुईस अंकाची व्याख्या प्रांटलने भागून आहे की नाही हे एका वाक्यात सांगा. पेपरापेपरांत ती बदलते आणि तुलना फसते. पावसाळ्यात काम करत असाल तर प्रत्येक फेरीचं उत्तर फाईलमध्ये टाका. पहिल्याच वादळात वीज गेली की पन्नास पायऱ्या चढून आणलेला अंदाज जातो.

यंदाच्या विद्यार्थिनीने चुंबकी अंक ०, १, २, ५ असे चार वक्र काढून आणले होते. मी विचारलं, "पाचला किती टेस्ला?" तिने तिथेच मोबाईलवर हिशोब केला: ताण-दर १ धरून साडेएकतीस. "सर, असलं चुंबक कुठे मिळणार?"

मग आम्ही उलटीकडून आलो. अर्धा टेस्ला, म्हणजे हाती लागू शकेल असं चुंबक. पाणी समुद्राचं, मिरामारला भरलेल्या बाटलीतलं. ताण-दर सेकंदाला ०.०१. चुंबकी अंक आला ०.१२५ आणि भिंतीवरचा फ″ −१.०६०७, म्हणजे घर्षणात सहा टक्के वाढ. आलेखात दोन रेषा इतक्या जवळ आल्या की वेगळ्या दिसाव्यात म्हणून एक तुटक काढावी लागली. प्रबंधात तिने तोच आलेख ठेवला.